डोंगराला पॉलिश पेपर

फ्रान्समधला एक अख्खा डोंगर मी पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केला आहे. दऱ्या, खिंडी, कडे, सगळं धरून. फ्रान्सला मी कधी गेलेलो नाही. अमेरिकेला येताना विमान वरून गेलं असेल, पण तेव्हा मी झोपलो होतो.

मंडळाची पोरं म्हणाली, बाळूकाका, या वर्षी दिवाळी अंकाला तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, अरे, अंकात सगळे डॉक्टर नाहीतर सॉफ्टवेअरवाले. सहावी नापास माणूस मध्ये कशाला? तर म्हणाले, तेवढाच हवापालट. म्हणून हे लिहिणं. म्हणजे मी बोलतोय, भाची टाइप करतेय, आणि मध्येच हसतेय. कुठे कुठे हसते ते मी लक्षात ठेवलंय.

मी मूळचा पेणचा. घरी गणपतीचा कारखाना. कारखाना म्हटलं की लोकांना चिमणी आणि भोंगा आठवतो. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, फळ्यांवर ओळीनं गणपती, आणि सगळीकडे पांढरी धूळ. घरच्या भातातसुद्धा प्लास्टर यायचं. काम असं चालतं: प्लास्टर कालवायचं, काथ्या घालून साच्यात भरायचं, काढायचं, हात-सोंड जोडायची, वाळलं की पॉलिश पेपरनं घासायचं, मग रंग. आणि सगळ्यात शेवटी आखणी. आखणी म्हणजे डोळे काढणं. डोळे होईपर्यंत तो फळीवरचा माल असतो. डोळे झाले की त्याच्यासमोर कोणी चप्पल घालून येत नाही.

आखणी माझे वडील, अण्णा, करायचे. मी मोठा झालो तेव्हा त्यांनी एकदा ब्रश माझ्या हातात दिला. मी जीव ओतून डोळे काढले. माझ्या गणपतीचा एक डोळा भक्ताकडे आणि दुसरा मोदकाकडे बघत होता. अण्णांनी मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत मूर्तीकडे बघितलं. मग ब्रश काढून घेतला, पॉलिश पेपर दिला आणि म्हणाले, "बाळू, तू घास."

पुढची कितीतरी वर्षं मी घासत होतो. आणि सांगतो, घासण्यात मला तोड नव्हती. माझ्या हातचं गणपतीचं पोट असं व्हायचं की माशी बसली तर घसरावी.

अमेरिकेत मी हुशारीवर आलो नाही, बहिणीवर आलो. ती इथे नर्स. तिनं माझा अर्ज भरला तेव्हा माझ्या डोक्यावर दाट केस होते. मंजूर होऊन दोन हजार एकला मी आणि बायको सुनंदा एडिसनला उतरलो, तेव्हा पासपोर्टवरचा फोटो कोणाचा म्हणून ऑफिसर दोनदा विचारत होता. पहिली नोकरी ओक ट्री रोडवर, मिठाईच्या दुकानात काजूकतली कापायची. तिथून मला काढलं, कारण माझी कतली तिरकी यायची. आता कतली तिरकीच असते. पण माझी जास्तच.

मग मिळाला नवा मालक, नाव जो. जोचं मॉडेल बनवायचं वर्कशॉप होतं. म्यूझियम, मॉल, बिल्डर, यांना खोट्या वस्तू लागतात: खोटी फळं, खोटे खडक, न बांधलेल्या इमारतींची खेळणी. त्या आम्ही बनवायचो. जोनं विचारलं, प्लास्टर येतं का? मी खिशातला आमच्या कारखान्याचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "हत्ती झकास जमलाय." मी म्हटलं, "हत्ती नाही, देव आहे." त्यानं घाईघाईनं डोक्यावरची कॅप काढली. तेव्हाच मी ठरवलं, इथे राहायचं.

गिऱ्हाइकं एकेक यायची. एका दाताच्या डॉक्टरला वेटिंग रूममध्ये ठेवायला पोर बसेल एवढी दाढ पाहिजे होती. मी बनवली आणि सवयीप्रमाणे अशी घासली, अशी घासली, की पहिल्याच दिवशी दोन पोरं तिच्यावरून घसरून पडली. एकाचा पुढचा दात हलला. मला वाटलं आता नोकरी गेली. डॉक्टरनं फोन करून सांगितलं, काळजी नको, पेशंट जागेवरच मिळाला.

हे सांगितलं कारण घासायची ही खोड पुढे डोंगराला बाधली.

दोन हजार सहाच्या सुमारास एक बाई वर्कशॉपमध्ये आल्या. क्लेअर नाव, साधारण माझ्याच वयाच्या. काखेत गुंडाळलेला मोठा नकाशा. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर आमचेच हातोडे ठेवले. फ्रान्सच्या दक्षिणेकडचे डोंगर, नाव सेव्हेन. त्यांच्या वडिलांचा जन्म तिथला. एमिल त्यांचं नाव. तरुणपणी अमेरिकेला आले, नूअर्कला बेकरी चालवली, कणीक मळण्यात आयुष्य गेलं.

"शुगरनं त्यांचे डोळे गेले," क्लेअर म्हणाल्या. "विमानानं न्यायला डॉक्टर नाही म्हणतात. त्यांना एकदा घरी जायचंय. बोटांनी. पुलापासून घरापर्यंतची वाट एकदा चालायची आहे म्हणतात."

जो म्हणाला, "करू की. सहा महिने लागतील."

"सहा महिने नाहीत," त्या म्हणाल्या. "शुगर आता बोटांत उतरलीय. टोकं बधिर व्हायला लागलीत."

बोलता बोलता त्या एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं दाबत होत्या. जोनं माझ्याकडे बघितलं. मी उगाच मान डोलावली. मला वाटलं, दाढ केली, डोंगर का नाही?

डोंगराचं मॉडेल कसं करतात सांगतो. नकाशावर वेड्यावाकड्या रेषा असतात. एकेक रेषा म्हणजे एकाच उंचीवरच्या सगळ्या जागा. तेवढ्या आकाराचे फोमचे पातळ तुकडे कापायचे आणि एकावर एक चिकटवायचे. पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर उभा राहतो. मग पायऱ्या प्लास्टरनं बुजवायच्या. उंची मात्र खऱ्यापेक्षा दुप्पट धरावी लागते, नाहीतर टेबलावर डोंगर पापडासारखा दिसतो. नकाशा वाचायचं काम जोचं, कापायचं माझं. ओढे, खिंडी, माथे, सगळं नकाशाबरहुकूम. जोनं मोजून बघितलं, एक रेघ चुकली नव्हती.

आणि मग वाळल्यावर मी ते घासलं. कोणी सांगितलं नव्हतं. हातात प्लास्टर आलं की दुसरा हात आपोआप पॉलिश पेपर शोधतो. आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. संपलं तेव्हा डोंगर असा चमकत होता की जो म्हणाला, "बालू, मार्बल वाटतंय!" मी खूश.

क्लेअर वडिलांना धरून घेऊन आल्या. उंच, वाकलेला म्हातारा, लोकरीचा कोट, हात मात्र रुंद. बेकरीवाल्याचे हात. त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी दोन्ही हात हवेत थोडा वेळ तसेच धरले, मग हळूच मॉडेलवर टेकवले. इकडून तिकडे फिरवले. परत फिरवले.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"पप्पा, तुमचा डोंगर."

"हा साबण आहे," म्हातारा म्हणाला. "तोही वापरलेला."

जोनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"कोणी केलंय?"

"मी," मी म्हटलं. "सॉरी काका. मला घासायची सवय आहे."

"कोणाला घासायची?"

"देवाला."

मग ते हसले. आधी खांदे हलले, मग सगळा कोट. "बरोबर आहे," ते म्हणाले, "देव गुळगुळीतच पाहिजे. नाहीतर लोक धरून ठेवतील." मग विचारलं, काका म्हणजे काय? मी म्हटलं, वडिलांचा भाऊ. ते म्हणाले, "मग भावाच्या पोरा, इकडे ये."

त्यांनी माझा हात धरला आणि चाचपडत वर्कशॉपच्या भिंतीवर नेऊन ठेवला. कच्ची, प्लास्टर न केलेली भिंत. "हा असतो डोंगर. हात लागला की तोही आपल्याला हात लावतो. तुझा लावत नाही."

तेव्हापासून दर मंगळवारी क्लेअर त्यांना आमच्याकडे सोडून कामाला जायच्या. दुसरं मॉडेल आम्ही त्यांच्या सांगण्यावरून सुरू केलं. नकाशा तोच, पण आता प्रत्येक वीत त्यांना विचारून. कामाला बसण्याआधी ते कोटाच्या वरच्या बटणावर अंगठा फिरवायचे. एकदा मी विचारलं, काका, हे काय करता?

"बटणाला चार भोकं आहेत. चार लागली की दिवस चांगला."

त्या दिवशी चार लागली होती.

ते सांगत आणि मी डोक्यात बसवत असे. सेव्हेन म्हणजे एक दगड नाही, तीन दगड. वरती लोझेर नावाचा डोंगर आहे तो ग्रॅनाइटचा: गोल पाठीचा, मोठमोठे धोंडे पडलेला, म्हशींचा कळप बसल्यासारखा. हे म्हशीचं माझं. ते गायी म्हणाले होते. खाली दऱ्यांमध्ये पापुद्र्यांचा काळा दगड, नखानं पदर सुटावेत असा. घरांच्या भिंती त्याच्या, छपरंही त्याचीच. आणि पश्चिमेला चुनखडीचं पठार, सपाट, कोरडं, भेगाळलेलं. "डोळे बांधून मला कुठेही सोड," ते म्हणायचे, "पायाखालच्या दगडावरून सांगीन घर किती लांब." मग स्वतःच म्हणायचे, "आता बांधायचीही गरज नाही."

त्यांना हसू यायचं. मला हसावं की नाही कळायचं नाही, म्हणून मी खोकायचो.

ग्रॅनाइटचा खरखरीतपणा आणायला मी घरून सुनंदाचा जाड रवा नेला. प्लास्टरवर गोंद आणि वर रवा. काका हात फिरवून म्हणाले, "हां! हा लोझेर." मी हवेत. दोन आठवड्यांनी हात फिरवताना म्हणाले, "बालू, लोझेर हलतोय." बघतो तर डोंगराला अळ्या. जो बिचारा बाहेर जाऊन हसून आला. सुनंदानं संध्याकाळी ऐकवलं, "अहो, रवा भाजून तरी न्यायचा." मग वाळू लावली. वाळूला अळ्या होत नाहीत, हे मी अमेरिकेत शिकलो.

पापुद्र्याच्या दगडासाठी जाड पुठ्ठा भिजवून त्याचे पदर सोडवले, चिरोट्यासारखे. पठाराला काहीच करायचं नव्हतं. प्लास्टर पातळ ओतून उन्हात ठेवलं, आपोआप भेगा गेल्या. अण्णांनी त्याबद्दल मला बडवलं असतं.

सगळ्यात वेळ खाल्ला तो उतारावरच्या शेताच्या पायऱ्यांनी. तिथे सपाट जमीन नाही, म्हणून माणसांनी उतारावर दगडाचे बांध घातलेत, एकावर एक, आणि मागे माती भरलीय. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. शरद ऋतूत तिथे असा पाऊस कोसळतो की वरची माती खाली ओढ्यात. मग हिवाळाभर ती माती टोपल्यात भरून पाठीवरून परत वर न्यायची. दर वर्षी. काकांचे वडील ते करायचे. "आणि परत पावसात ती खाली यायची?" मी विचारलं. "यायची." "मग?" काका म्हणाले, "मग काय, परत टोपली." मी म्हटलं, आमचं पण तसंच आहे, वर्षभर मूर्ती करायच्या आणि लोक दहा दिवसांत पाण्यात सोडतात. काका म्हणाले, "म्हणजे तुला पगार देऊन उपयोग नाही, तू फुकट करशील."

त्या पायऱ्यांवर चेस्टनटची झाडं. तिथल्या लोकांचं तेच पोट. गहू कमी, म्हणून हीच फळं दगडाच्या छोट्या खोपटात आठवडेच्या आठवडे धुरावर वाळवायची आणि वर्षभर त्यांचं सूप. ही गोष्ट मी घरी सांगितली, तर सुनंदानं पुढच्या मंगळवारी बाजारातून चेस्टनट आणून, फणसाच्या आठळ्या उकडतात तशी मीठ घालून उकडून डब्यात दिली. काकांनी एक सोललं, तोंडात टाकलं आणि बोलायचे थांबले. बराच वेळ. मला वाटलं अडकलं घशात, मी पाणी घेऊन उभा. ते म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, आत्याच्या सूपापेक्षा चांगलं आहे."

ही आत्या त्यांच्या वाटेवर खालच्या बाजूला राहायची. तिच्या घराशी वाट फुटते, डावी तिच्याकडे, उजवी वर. म्हातारी एवढी चिकट की कोणी जेवायला आलं की सूपात आणखी एक तांब्या पाणी. त्यामुळे घरी जाताना डावीकडे वळायचं नाही, हा त्यांच्याकडचा पहिला धडा. मॉडेलवर मी तिचं घर बसवलं तेव्हा काकांनी मुद्दाम हात लावून बघितलं आणि म्हणाले, "दार बंद ठेवलंयस ना?"

आईबद्दल मात्र एकदाच बोलले. त्या भागात रेशमाचे किडे पाळायचे. वसंतात किड्यांची अंडी उबवायला बायका ती लहानशा पिशवीत घालून अंगाशी, कपड्यांच्या आत बांधून हिंडायच्या. "त्या दिवसांत आई मला मिठी मारू द्यायची नाही," काका म्हणाले. "अंडी दबतील म्हणून. मी किड्यांवर जळायचो. मग एकदा पिशवी सुटली की ती स्वतःच हाक मारायची, ये आता." एवढं बोलून त्यांनी अंगठा बटणावर नेला. फिरवला, परत फिरवला.

"किती लागली काका?"

"दोन. उरलेली दोन आज उशिरा उठतील."

उठली नाहीत. पुढच्या मंगळवारी डाव्या हाताला काहीच लागत नव्हतं. उजव्याचा अंगठा आणि शेजारचं बोट, एवढंच शिल्लक होतं. जो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बालू, झाडं नंतर. आधी वाट पूर्ण कर." मी जेवणाची सुट्टी बंद केली. सुनंदानं चिवडा देऊन ठेवला, तोही प्लास्टरसकट खाल्ला.

वाट अशी: खाली ओढ्यावरचा पूल. तिथून पायऱ्यांच्या शेतांमधून वर, चेस्टनटखालून, आत्याचं घर टाळून, मग मेंढरांची जुनी रुंद वाट लागते. उन्हाळ्यात खालच्या मैदानातून कळप त्याच वाटेनं वर चरायला येत, गळ्यात घंटा, पाठीवर लोकरीचे रंगीत गोंडे. तिथे पापुद्र्याचा दगड संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. आणि वर पाचसहा घरांची वाडी.

वाडीत चर्च नाही, एवढी लहान वस्ती. पण घंटेचा दगडी मनोरा आहे. "कशाला?" मी विचारलं, "पूजा नाही तर घंटा कशाला?"

काका म्हणाले, "वर बर्फाचं वादळ आलं की स्वतःचा हात दिसत नाही. सगळं पांढरं. अशा वेळी गावातला कोणीतरी घंटा वाजवत बसतो. थकला की दुसरा. बाहेर कोणी आहे की नाही ते माहीत नसतं. तरी वाजवायची. असला कोणी, तर आवाजावर घरी येतो."

"आलाय कोणी?"

"मी आलोय," ते म्हणाले. "बारीक होतो. बकरी शोधायला गेलो होतो. बकरी माझ्या आधी घरी पोचली."

संध्याकाळी मी ओक ट्री रोडला पूजेच्या दुकानात गेलो आणि होती त्यातली सगळ्यात लहान पितळी घंटा आणली. दुसऱ्या दिवशी मनोऱ्यावर बसवली, तर ती अख्ख्या वाडीपेक्षा मोठी. जो डोक्याला हात लावून म्हणाला, "बालू, स्केल! स्केल!" मंगळवारी काकांनी ती वाजवली, मान तिरकी करून आवाज संपेपर्यंत ऐकली आणि जोला म्हणाले, "राहू दे. वादळात ती एवढीच मोठी वाटायची."

राहिलं त्यांचं घर. ते मी मुद्दाम ठेवलं होतं. मी त्यांना आखणीची गोष्ट सांगितली, डोळे सगळ्यात शेवटी कसे करतात ते. आणि माझ्या त्या एकुलत्या एका गणपतीबद्दलही, एक डोळा मोदकाकडे वगैरे. काका इतके हसले की क्लेअरनी दिलेलं खोकल्याचं औषध काढावं लागलं. मग म्हणाले, "घर तूच बसव."

"काका, जो बसवेल. माझं वाकडं होतं."

"जोनं डोंगर पाहिलाय नकाशावर. तू पाहिलायस का?"

"मी तर कुठेच नाही पाहिला."

"तू घासलायस," ते म्हणाले.

घर म्हणजे बोटाच्या पेराएवढा दगड, मी खऱ्या पाटीच्या दगडातून कोरलेला. काका पुलापासून निघाले. अंगठा आणि बोट, हळूहळू, पायरीला थांबत. पदराचा दगड संपून वाळू लागली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. मेंढरांच्या वाटेनं ते वर गेले, मनोऱ्याशी आले, घंटा टिचकीनं वाजवली. मग तिथून एकदम थोडंसं खाली, उजवीकडे, न चाचपडता. अंगठा टेकवून म्हणाले, "इथे. दार पुलाकडे."

अण्णा मागे उभे आहेत असंच वाटत होतं. मी गोंद लावला, घर ठेवलं, दाबलं. हात काढला तर तिरकं. उचलायला गेलो तर धरलेलं.

"वाकडं बसलं काका," मी म्हटलं.

त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. त्यांच्या पापण्या मिटलेल्याच होत्या, पण त्या आणखी मिटल्या. "वाकडंच होतं," ते म्हणाले. "आजोबांनी बांधलेलं. त्यांनाही सरळ यायचं नाही."

त्या रविवारी मी पेणला फोन करून अण्णांना सगळं सांगितलं. फ्रान्स, डोंगर, आंधळा म्हातारा, घर. अण्णा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वाकडं बसलं ना?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मग तूच केलंयस." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "चांगलं केलंस."

मॉडेल क्लेअरच्या घरी गेलं. काका रोज सकाळी एकदा घरी जाऊन यायचे, असं त्या सांगायच्या. पुढे ते म्हाताऱ्या लोकांच्या होममध्ये राहायला गेले, तिथेही खिडकीपाशी टेबलावर डोंगर. मी मंगळवारी वर्कशॉपनंतर जायचो. सुनंदा डबा द्यायची, बिनसाखरेचं काहीतरी, आणि काका न चुकता विचारायचे, "साखर विसरली का?"

एका मंगळवारी गेलो तर काका खुर्चीत बसलेले, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. मी ती नीट लावायला गेलो.

"आज किती भोकं काका?"

"आज बटणच लागलं नाही," ते म्हणाले. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. "सकाळी पुलावर हात ठेवला. पूल नव्हता."

माझं हे असंच. बोलायला पाहिजे तिथे तोंड बंद, आणि मयताला गेलो की विनोद सुचतात. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि उगाचच डोंगरावरची धूळ पुसायला लागलो.

"काय करतोयस?"

"पुसतोय."

"घासत नाहीयेस ना?"

"नाही हो काका!"

ते हसले. मग हात पुढे करून म्हणाले, "तुझा हात दे. माझा वर ठेव. तू चाल, मी मागून येतो. आणि डोळे मिट. तू उघड्या डोळ्यांनी चाललास की तू नाही, नकाशा चालतो."

मी डोळे मिटले. त्यांचा रुंद, जड हात माझ्या हातावर. पुलापासून निघालो. आयुष्यभर ज्या बोटांनी फक्त खडबडीत ते शोधून मोडायचं काम केलं, तीच बोटं आता एकेक खडबड धरून वर चालली होती. मी सांगत होतो, "बांध आला काका. दुसरा बांध. झाड."

"उजवं का डावं?"

"उजवं."

"मग बरोबर. सावकाश. शहरातल्यासारखा धावू नकोस, मला दम लागतो."

जरा वेळानं बोटाला भिंत लागली. मी म्हटलं, "पोचलो काका! घर!"

"कोणत्या हाताला वळलास?"

"डाव्या."

"गाढवा, ती आत्या आहे," काका कुजबुजले. "मागे फिर. आवाज करू नकोस, सूप वाढेल."

आम्ही दोघं पाय न वाजवता मागे फिरलो. खुर्चीत बसून पाय न वाजवता कसं फिरायचं ते विचारू नका, पण फिरलो. उजवीकडची वाट धरली. पदर संपले, वाळू लागली. "ग्रॅनाइट," मी म्हटलं. त्यांचा हात माझ्या हातावर घट्ट झाला. कळत काहीच नसणार त्यांना, पण झाला.

मग मी थांबलो. मनोरा लागला होता, पण घंटा वाजवायचं माझ्या लक्षात आलं नाही.

"वाजव ना," ते म्हणाले. "बाहेर वादळ आहे, काही दिसत नाहीये."

मी वाजवली. खोलीभर आवाज झाला. लगेच दार उघडलं आणि नर्सनं डोकं आत घातलं, "एमिल, बोलावलंत? काही पाहिजे का?"

"काही नको," काका म्हणाले. "आम्ही आलोच जवळ."

दार बंद झालं. मनोऱ्यापासून थोडंसं खाली, उजवीकडे. माझ्या बोटाला पेराएवढा दगड लागला. मी त्याच्या कडेनं बोट फिरवलं.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं काका."

"सरळ आहे का वाकडं?"

"वाकडं."

"मग तेच." त्यांनी मोठा श्वास घेतला आणि सोडला. माझ्या हातावरचा हात सैल झाला, पण त्यांनी तो काढला नाही. मी डोळे उघडले. त्यांचा चेहरा दाराकडे होता. त्या खोलीच्या नाही, दुसऱ्याच.

"बालू," ते हळूच म्हणाले, "पाय पूस. आई रागावते."

मी खाली बघितलं. बुटांना दिवसभराचं प्लास्टर होतंच. तिथल्या गालिच्यावर मी दोन्ही पाय नीट पुसले. शेजारी काका सपातांतले पाय पुसत होते.